न्यायशास्त्र आणि पाश्चात्त्य तर्कशास्त्र यांची तुलना कशी करावी

महाविद्यालयीन टिपणांत न्यायशास्त्र, म्हणजे अनुमानाचे भारतीय शास्त्र, आणि पाश्चात्त्य तर्कशास्त्र यांची तुलना बहुधा एका कोष्टकात उरकली जाते. डावीकडे ॲरिस्टॉटलची तीन वाक्ये, उजवीकडे न्यायसूत्रकार गौतमाचे पाच अवयव, म्हणजे अनुमानाची पाच घटकवाक्ये, आणि खाली शेरा असा की भारतीय अनुमानात दोन वाक्ये जास्तीची आहेत. लिहिणारा अभिमानी असेल तर शेरा असा की भारतीय अनुमान अधिक परिपूर्ण आहे. या कोष्टकातून हाती काहीच लागत नाही. पाच ही संख्या भारतीयांची म्हणावी, तर मीमांसक आणि वेदान्ती तीनच अवयव पुरेसे मानतात, मग ते पहिले तीन असोत की शेवटचे तीन; आणि धर्मकीर्तीसारखा बौद्ध आचार्य तर प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचे विधान, बोलून दाखवण्याचीही गरज मानत नाही. अवयवांच्या संख्येचा वाद भारतातल्या भारतातच झालेला आहे, त्याला पूर्व-पश्चिमेचा वाद करण्यात अर्थ नाही.

अधिक फलदायी पद्धत अशी आहे की एकच युक्तिवाद घ्यावा, तो दोन्ही शास्त्रांच्या रीतीने मांडावा, आणि तो सदोष असेल तर प्रत्येक शास्त्र त्या दोषावर नेमके कुठे बोट ठेवते ते पाहावे. दोन बोटे वेगवेगळ्या जागी पडली, की दोन शास्त्रे काय शोधत आहेत याचा उलगडा होऊ लागतो. त्यासाठी युक्तिवाद निवडताना तो शक्यतो बिघडलेलाच निवडावा, कारण निर्दोष युक्तिवादावर दोन्ही शास्त्रे मान डोलावतात आणि अभ्यासकाच्या पदरात काही पडत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी कोणाला कोणाशेजारी बसवायचे तेही ठरवून घ्यावे. पाश्चात्त्य तर्कशास्त्र म्हणजे एकटा ॲरिस्टॉटल (इ.स.पू. 384 ते 322) नव्हे, बूलचा 1854 चा आणि फ्रेगेचा 1879 चा ग्रंथ यांनी त्या शास्त्राचा पायाच बदलला. इकडेही न्यायसूत्रे आणि त्यांवरचे वात्स्यायनभाष्य, दिङ्नागाची बौद्ध परंपरा, चौदाव्या शतकातल्या मिथिलेच्या गंगेशाचा ‘तत्त्वचिन्तामणि’ आणि सतराव्या शतकातला अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ यांत मोठे अंतर आहे. नवशिक्याने ॲरिस्टॉटलचे त्रिवाक्यी अनुमान आणि ‘तर्कसंग्रहा’तला अनुमानखंड ही जोडी घ्यावी. गंगेशाला मात्र ॲरिस्टॉटलशेजारी बसवू नये. त्याची गाठ फ्रेगेनंतरच्या तर्कशास्त्राशीच घालावी लागते, आणि ते का, हे पुढे येईलच.

युक्तिवाद मांडून घेणे

उदाहरणादाखल एक साधे विधान घेऊ: “या विहिरीचे पाणी पिण्यायोग्य आहे, कारण ते नितळ आहे.” पहिले काम म्हणजे यातील तीन घटक वेगळे करणे. ज्याविषयी बोलायचे आहे ते विहिरीचे पाणी हा पक्ष, त्याच्या ठायी जे सिद्ध करायचे आहे ते पिण्यायोग्य असणे हे साध्य, आणि ज्याच्या बळावर सिद्ध करायचे तो नितळपणा हा हेतू. हे तीन घटक कागदावर स्पष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये; तुलनेतले निम्मे घोटाळे पक्ष आणि साध्य यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. मग पाच अवयव असे उभे राहतात:

प्रतिज्ञा: या विहिरीचे पाणी पिण्यायोग्य आहे.
हेतू: कारण ते नितळ आहे.
उदाहरण: जे जे पाणी नितळ असते ते ते पिण्यायोग्य असते, जसे डोंगरातल्या झऱ्याचे पाणी.
उपनय: या विहिरीचे पाणीही तसेच, म्हणजे पिण्यायोग्यतेने व्याप्त असलेल्या नितळपणाने युक्त आहे.
निगमन: म्हणून या विहिरीचे पाणी पिण्यायोग्य आहे.

ॲरिस्टॉटलच्या रीतीने हेच तीन वाक्यांत येते: सर्व नितळ पाणी पिण्यायोग्य असते, या विहिरीचे पाणी नितळ आहे, म्हणून या विहिरीचे पाणी पिण्यायोग्य आहे. पहिले वाक्य न्यायातल्या उदाहरणाशी आणि दुसरे हेतूशी जुळते, तर निष्कर्षाला प्रतिज्ञा आणि निगमन असे दोन जोडीदार मिळतात. उपनयाला मात्र जोडीदार नाही. त्याचे काम व्याप्ती, म्हणजे हेतू असेल तेथे साध्य असतेच हा नियम, आणि पक्षधर्मता, म्हणजे हेतूचे पक्षात असणे, या दोन गोष्टी एकाच ज्ञानात गुंफण्याचे आहे. त्या ज्ञानाला परामर्श म्हणतात आणि त्यातूनच अनुमिती, म्हणजे अनुमानाने मिळणारे ज्ञान, उपजते असे नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्री, मानतो. आधारवाक्ये मनात सुटी सुटी असून भागत नाही, ती एकत्र आली तरच निष्कर्ष सुचतो, हा ज्ञानप्रक्रियेविषयीचा मुद्दा ॲरिस्टॉटलच्या आकृतीत लिहिण्याची सोयच नाही. पाच अवयव परार्थानुमानाचे, म्हणजे दुसऱ्याला पटवून देण्याचे आहेत, स्वतःपुरत्या अनुमानाला त्यांची गरज नाही, हेही येथेच टिपून ठेवावे.

दोष कुठे सापडतो

आता निवाडा. पाश्चात्त्य तर्कशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल की हा युक्तिवाद आकाराने युक्त आहे. दोन्ही आधारवाक्ये खरी असती तर निष्कर्ष खरा ठरलाच असता, आणि पहिल्या आकृतीतला हा सर्वांत भरवशाचा प्रकार आहे. पहिले वाक्य असत्य आहे हे त्यालाही मान्य असेल, पण ते तपासणे रसायनशास्त्रज्ञाचे काम, तर्कशास्त्राचे नव्हे, असे सांगून तो कागद खाली ठेवील.

नैयायिक कागद खाली ठेवणार नाही. तो विपक्ष शोधील, म्हणजे जेथे साध्य नाही हे ठाऊक आहे अशी जागा, आणि तेथे हेतू सापडतो का ते पाहील. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक कूपनलिकांचे पाणी काचेसारखे नितळ असते, पण त्यातले फ्लोराइड लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेपलीकडे गेलेले असते. ते पाणी पिण्यायोग्य नाही, तरी नितळ आहे. हेतू विपक्षात राहिला, म्हणून तो सव्यभिचार (साध्य नसतानाही आढळणारा), त्यातही ‘साधारण’ नावाच्या प्रकारचा हेत्वाभास, म्हणजे सदोष हेतू, झाला. नैयायिकाच्या लेखी हे ‘युक्त पण असत्य आधाराचे’ अनुमान नव्हे, तर ते अनुमानच नव्हे, अनुमानाचा आभास आहे.

संपूर्ण तुलनेचा गाभा येथे आहे. न्यायात अनुमान हे प्रमाण आहे, यथार्थ ज्ञान मिळवण्याचे साधन आहे, आणि ज्यातून यथार्थ ज्ञान उपजत नाही त्या मांडणीचे आकारसौष्ठव त्या शास्त्राला फारसे मोलाचे वाटत नाही. पाश्चात्त्य परंपरेने आकार आणि आशय यांची फारकत केली. त्या फारकतीमुळेच पुढे बीजगणितासारखे चिन्हांकित तर्कशास्त्र आणि अखेरीस संगणक शक्य झाले. नैयायिकाने ती फारकत केली नाही, म्हणून त्याची दोषांची यादी जिवंत वादात आजही चटकन कामी येते. या दोहोंत श्रेष्ठ कोण असा प्रश्न मला तरी निरर्थक वाटतो.

आता उलट तपासणी करावी. आकारच चुकलेला युक्तिवाद घेऊ: सर्व पिण्यायोग्य पाणी नितळ असते, हे पाणी नितळ आहे, म्हणून हे पाणी पिण्यायोग्य आहे. पाश्चात्त्य तर्कशास्त्र येथे आशयाकडे न पाहता मध्यपद (दोन्ही आधारवाक्यांत येणारे ‘नितळ’ हे पद) अव्याप्त राहिल्याचा, म्हणजे ते कोठेच संपूर्ण विस्ताराने न घेतल्याचा, दोष दाखवते. न्यायाच्या साच्यात हा युक्तिवाद जसाच्या तसा लिहायला बसा आणि काय होते ते पाहा. उदाहरणवाक्याला ‘जेथे जेथे हेतू तेथे तेथे साध्य’ अशीच दिशा घ्यावी लागते, त्यामुळे ते लिहिताना तुम्हाला ‘जे जे नितळ ते ते पिण्यायोग्य’ असेच लिहिणे भाग पडते, आणि युक्तिवाद पुन्हा सव्यभिचारात जाऊन पडतो. पाश्चात्त्यांचा आकारदोष न्यायात व्याप्तिदोष बनतो. म्हणून ‘भारतीय तर्कशास्त्रात आकारदोषांचा विचारच नाही’ हे वाक्य टिपणात लिहिण्यापूर्वी दहादा विचार करावा. आकारदोष शिरायला त्या साच्यात फारशी जागा ठेवलेली नाही, असे म्हणणे अधिक नेमके.

पुराच्या नदीचे उदाहरण

तुलनेसाठी सर्वांत समृद्ध जागा म्हणजे न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातला एक आक्षेप. नदीला पूर आलेला पाहून वर कुठेतरी पाऊस झाला असावा, हे कार्यावरून कारणाचे अनुमान नैयायिकांच्या नेहमीच्या उदाहरणांपैकी आहे. आक्षेपक म्हणतो की हे अनुमान प्रमाण नव्हे, कारण नदीचे पाणी अडवल्यानेही फुगते. पाश्चात्त्य तर्कशास्त्र शिकलेला वाचक येथे लगेच आक्षेपकाच्या बाजूने उभा राहतो: ‘पाऊस पडला तर पूर येतो, पूर आला आहे, म्हणून पाऊस पडला’ हा उत्तरांग मान्य करण्याचा प्रसिद्ध तर्कदोष आहे आणि विषय तेथेच संपतो.

वात्स्यायनाचे उत्तर वेगळ्या दिशेने जाते. तो म्हणतो की पाहणाऱ्याने नुसते वाढलेले पाणी हेतू म्हणून धरलेलेच नाही. प्रवाह नेहमीपेक्षा वेगवान झालेला आहे, आधीच्या पाण्याहून हे पाणी वेगळे दिसते आहे, त्यात फेस आहे, फळे, पाने, लाकडे वाहत येत आहेत, हे सारे पाहून तो ‘वर पाऊस झाला’ असे अनुमान करतो. बंधाऱ्याने तुंबलेले पाणी वाढते खरे, पण ते असे वाहत नाही. दोष अनुमानाचा नसून अर्धवट हेतू उचलणाऱ्याचा आहे.

हा उतारा दोन्ही रीतींनी मांडून पाहण्यासारखा आहे. पाश्चात्त्य रीतीने वात्स्यायनाने केले ते इतकेच की एक अयुक्त युक्तिवाद टाकून त्याजागी दुसरा युक्त युक्तिवाद आणला, ज्याचे पहिले वाक्य ‘फेस, पाने, लाकडे घेऊन वेगाने येणारा पूर पावसाशिवाय येत नाही’ असे आहे. न्यायाच्या रीतीने युक्तिवाद तोच आहे, फक्त हेतू नेमका झाला. व्यवहारात विचार पुढे सरकतो तो बहुधा असाच, पहिला अंदाज फेकून न देता त्याला विशेषणे जोडत. आणि या एका बाबतीत न्यायाची मांडणी मला वस्तुस्थितीला अधिक धरून वाटते. मात्र कोणती विशेषणे पुरेशी हे कसे ठरवायचे, याचे यांत्रिक उत्तर ती देत नाही.

उपाधी शोधण्याची कृती

हेतू नेमका करण्याचे न्यायातले सर्वांत धारदार हत्यार म्हणजे उपाधी. ‘तर्कसंग्रहा’त तिची व्याख्या ‘साध्यव्यापकत्वे सति साधनाव्यापकत्वम्’ अशी आहे: जी गोष्ट साध्य असेल तेथे नेमाने असते, पण हेतू असेल तेथे नेमाने नसते, ती उपाधी. ग्रंथातले उदाहरण धूर आणि अग्नी यांची अदलाबदल करून दिलेले आहे: पर्वतावर धूर आहे, कारण तेथे अग्नी आहे. येथे ओल्या सरपणाचा संयोग ही उपाधी. धूर असतो तेथे ओले सरपण असते, पण अग्नी असतो तेथे ते असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो.

आपल्या विहिरीकडे परत येऊन कोणी हेतू सुधारला आणि म्हटले, “हे पाणी पिण्यायोग्य आहे, कारण ते उकळलेले आहे,” तर? उपाधी शोधण्यासाठी आधी साध्याकडून निघावे आणि विचारावे की पिण्यायोग्य पाण्यात नेहमीच काय आढळते. विरघळलेल्या घातक क्षारांचा अभाव आढळतो. मग हेतूकडून यावे: उकळलेल्या पाण्यात तो नेहमी आढळतो का? नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. उपाधी सापडली, म्हणून हेतू व्याप्यत्वासिद्ध, म्हणजे व्याप्ती सिद्ध न झालेला. हा क्रम, साध्याकडून जाणे आणि हेतूकडे येणे, हाताला वळण लागेपर्यंत गिरवावा. पाश्चात्त्य बाजूला याचा जोडीदार ॲरिस्टॉटलमध्ये शोधू नये. तो संशोधनपद्धतीत आणि संख्याशास्त्रात सापडतो, जेथे दोन गोष्टींच्या साहचर्यामागे दडलेला तिसरा घटक शोधतात. अर्थात तो तिसरा घटक कारण म्हणून शोधला जातो आणि उपाधीला कारण असण्याची अट नाही, हा फरक राखून.

बाकीच्या हेत्वाभासांवर थोडक्यात सांगता येते. विरुद्ध म्हणजे हेतू साध्याच्या अभावालाच सिद्ध करणारा. ‘शब्द नित्य आहे, कारण तो निर्माण केलेला आहे’ हे त्याचे ठरीव उदाहरण. सत्प्रतिपक्ष म्हणजे उलट निष्कर्ष देणारा तितकाच वजनदार दुसरा हेतू समोर असणे, आणि बाधित म्हणजे दुसऱ्या बळकट प्रमाणाने निष्कर्षच खोटा ठरलेला असणे, जसे अग्नी थंड आहे, कारण तो द्रव्य आहे. या शेवटच्या दोघांना अभिजात आकारिक तर्कशास्त्रात घरच नाही, कारण तेथे युक्त निष्कर्ष नव्या माहितीने डळमळत नाही. नवी माहिती आल्यावर निष्कर्ष मागे घेऊ देणारी तर्कशास्त्रे पश्चिमेत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनातून 1980 च्या सुमारास पुढे आली, आणि तुलना करायची तर ती त्यांच्याशी करावी.

रिकाम्या पदांचा प्रश्न

येथे ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ ही विभागणीच मोडते, म्हणून या मुद्द्यावर वेळ खर्च करावा. ‘आकाशकमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, तळ्यातल्या कमळाप्रमाणे.’ नैयायिक याला आश्रयासिद्ध म्हणतो: पक्षच अस्तित्वात नाही, तेव्हा हेतू राहणार कोठे? ॲरिस्टॉटलच्या पद्धतीत ‘सर्व क हे ख आहेत’ यावरून ‘काही क हे ख आहेत’ हे निघते, म्हणजे क हे पद रिकामे नाही असे तेथेही गृहीतच आहे. आधुनिक तर्कशास्त्राने हे गृहीत सोडले. त्याच्या दृष्टीने क मुळी नसतीलच तर ‘सर्व क हे ख आहेत’ हे आपोआप सत्य ठरते, आणि त्यामुळे परंपरेने युक्त मानलेल्या त्रिवाक्यी अनुमानाच्या 24 प्रकारांपैकी 15 च बिनशर्त टिकतात. म्हणजे या प्रश्नावर ॲरिस्टॉटल आणि अन्नंभट्ट एका बाजूला आहेत, आणि बूल, फ्रेगे दुसऱ्या.

गंगेशाची गाठ आधुनिकांशी पडते ती याच ठिकाणी. व्याप्तीच्या ज्या पाच व्याख्या तो आरंभी तपासून नाकारतो, त्यांतली पहिली ‘साध्याभाववदवृत्तित्वम्’ ही आहे: जेथे साध्याचा अभाव आहे तेथे हेतूचे नसणे. आजचा विद्यार्थी ती सहज चिन्हांत लिहील आणि निर्दोष म्हणेल. गंगेश तिला नाकारतो, कारण साध्य केवलान्वयी असेल, म्हणजे ज्ञेय असणे किंवा शब्दाने सांगता येणे यासारखे सर्वत्रच राहणारे असेल, तर ‘साध्याचा अभाव असलेली जागा’ जगात कोठेच मिळत नाही आणि व्याख्या निराधार लटकते. आधुनिक तर्कशास्त्राला तशी जागा नसण्यात काहीच अडचण नाही. विधान रिकामेपणानेच सत्य होते. नैयायिकाला मात्र ज्याचा प्रतियोगी (ज्याचा अभाव सांगायचा ती गोष्ट) कोठेच आढळत नाही असा अभाव बोलण्याचा विषयही होऊ शकत नाही. दोघांच्या हातात जवळजवळ एकच सूत्र आहे आणि निवाडे उलट आहेत.

उदाहरणवाक्यातल्या झऱ्याकडेही आता नव्याने पाहता येते. ‘जसे डोंगरातल्या झऱ्याचे पाणी’ एवढा तुकडा पाहून भारतीय अनुमान म्हणजे निगमन (येथे अर्थ नियमावरून निष्कर्ष काढणे) आणि विगमन (उदाहरणांवरून नियम काढणे) यांची मिसळ, असा निष्कर्ष बरेच लेखक काढतात. तो पूर्ण चुकीचा नाही, परंतु न्यायसूत्रांप्रमाणे दृष्टान्त म्हणजे ज्याच्याविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक यांचे एकमत असते ती गोष्ट. एका झऱ्यावरून नियम सिद्ध करण्याचा दावा तेथे नाही. व्याप्तीची किमान एक सर्वमान्य जागा जगात आहे, ती रिकामी नाही, याची ग्वाही तो देतो. नियम कळतो तो साहचर्य पाहिल्याने आणि व्यभिचार, म्हणजे साध्याशिवाय हेतू, कोठे न आढळल्याने. एवढ्याने तो निश्चित कसा होतो, असा चार्वाकाचा आक्षेप अठराव्या शतकातल्या ह्यूमच्या आक्षेपाशेजारी ठेवून वाचावा. येथे तुलना फारशी ओढूनताणून करावी लागत नाही.

आणखी एका ठिकाणी सावध राहावे. ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ या धाटणीच्या विचाराला न्यायात तर्क म्हणतात. त्याचे काम व्यभिचाराची शंका दूर करून व्याप्तीला बळ देण्याचे आहे. तो स्वतः प्रमाण नव्हे. ग्रीक परंपरेत याच धाटणीने, विरुद्ध पक्ष धरून विसंगतीपर्यंत नेऊन, पूर्ण सिद्धता दिली जाते. चौरसाचा कर्ण आणि बाजू यांना सामाईक माप नाही, ही सिद्धता तशीच आहे आणि ॲरिस्टॉटल तिचा दाखला देतो. दोन्हीकडे कृती सारखी दिसते म्हणून दर्जाही सारखा मानला, तर तुलना फसते.

मराठी वाचकाला या अभ्यासासाठी साधने घरचीच आहेत. ‘तर्कसंग्रह’ ‘दीपिका’ या अन्नंभट्टाच्याच टीकेसह वाचावा. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांची 1897 ची बॉम्बे संस्कृत सीरिजमधली आवृत्ती इंग्रजी टिपांसह आहे. पारिभाषिक शब्द अडला की भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ उघडावा. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1928 मध्ये काढली. अनुमानखंडातली हेत्वाभासांची सगळी उदाहरणे एकेक करून तीन वाक्यांत लिहून काढावीत आणि प्रत्येकापुढे दोनच गोष्टी नोंदवाव्यात: आकार युक्त आहे का, आणि कोणते आधारवाक्य पडते. असाधारण आणि अनुपसंहारी या दोन प्रकारांपाशी ही नोंद अडेल, कारण तेथे वाक्य खोटे आहे असे म्हणता येत नाही, फक्त ते ताडून पाहायला दाखला मिळत नाही: असाधारणात हेतू पक्षाबाहेर, म्हणजे सपक्षात (जेथे साध्य नक्की आहे अशा जागी) किंवा विपक्षात, कोठेच आढळत नाही, आणि अनुपसंहारीत सारेच पक्षात आल्याने सपक्ष-विपक्षच शिल्लक राहत नाहीत. त्या दोन ओळी घाईने भरू नयेत.